आल्प्सच्या घाटात ग्रुपनं बाईक न्यायची तर: जळगाव-धुळ्याकडच्या मंडळींसाठी

लडाख करून आलेली माणसं आता जळगावात, धुळ्यात कमी नाहीत, आणि त्यातलं कुणीतरी एक दिवस टपरीवर कटिंग पिता पिता म्हणतंच की भो, आता आल्प्स. आम्ही पण असेच निघालो. सात जण. दोघं जळगावचे, एक भुसावळचा, एक चाळीसगावचा, रावेरकडचे दोघं केळीवाले भाऊ आणि पाचोऱ्याचे एक डॉक्टर, वयानं सगळ्यात मोठे म्हणून आम्ही सगळे त्यांना काकाच म्हणतो. आल्यापासून फोन चालूच आहेत, कसं केलं, काय लागतं, किती आधी बुक करायचं, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

पहिलं म्हणजे उंचीचं टेन्शन डोक्यातून काढा. लडाखची खारदुंगला खिंड ५३५९ मीटर, आणि आल्प्समधली सगळ्यात उंच डांबरी खिंड, फ्रान्समधली कोल द लिझरान, ती २७६४ मीटर. म्हणजे जवळपास निम्मीच. श्वासाबिसाचा त्रास बहुतेकांना होत नाही. रस्ता गुळगुळीत, कुठं पाण्याचा नाला आडवा नाही, सीमेवरचे रस्ते बांधणाऱ्या बीआरओचा डंपर समोर नाही. आणि म्हणूनच लडाखवाला तिथं गाफील जातो. तिथं अवघड दोनच गोष्टी आहेत, एक तर रस्त्याची बाजू आपल्या उलटी आणि दुसरं म्हणजे सात डोकी एका सुतात ठेवणं, बाकी सगळं पैसा आणि कागद.

कागदाचं आधी उरकतो कारण ते कंटाळवाणं आहे पण तिथंच ट्रिप फुटते. शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच व्हिसा, लागतो, जिथं सगळ्यात जास्त रात्री मुक्काम त्या देशाकडं अर्ज करायचा, प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि जुलैच्या ट्रिपसाठी मे महिन्यात धावपळ करण्यात काही अर्थ नाही, तेव्हा अपॉइंटमेंटच मिळत नाहीत. ग्रुप एक असला तरी अर्ज प्रत्येकाचा वेगळा, पैसे प्रत्येकाचे वेगळे दाखवायचे. नोकरीवाल्याचं सोपं असतं, सॅलरी स्लिप, रजेचं पत्र, इन्कम टॅक्स रिटर्न. शेतीवाल्यांनी सातबारा इंग्रजीत भाषांतर करून घ्या, केळीचे किंवा कापसाचे पैसे ज्या खात्यात येतात त्याचंच स्टेटमेंट द्या, आणि शेवटच्या आठवड्यात कुणा नातेवाइकाकडून दोन लाख आणून खात्यात टाकायचा जुना उद्योग करू नका, ते त्यांना लगेच दिसतं. प्रवासविमा किमान ३०,००० युरोचा सक्तीचाच आहे, पण पॉलिसी घेताना एक ओळ नीट वाचा, मोटारसायकल चालवताना झालेला अपघात त्यात धरलाय का? बऱ्याच स्वस्त पॉलिसीत मोठ्या सीसीची गाडी सरळ वगळलेली असते आणि मग व्हिसा मिळतो पण विमा नुसता कागद.

आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परमिट आपल्याच आरटीओत मिळतं, जळगाव, धुळे, नंदुरबार कुठंही, पासपोर्ट-लायसन्स घेऊन जा, एक वर्ष चालतं. लायसन्सवर गिअरच्या मोटारसायकलचा वर्ग आहे का ते आधीच बघून घ्या. हसू नका, आमच्यातल्या एकाच्या लायसन्सवर फक्त कार होती आणि गडी वीस वर्षं बुलेट फिरवत होता. परमिटबरोबर मूळ लायसन्स पण खिशात लागतं, नुसतं परमिट चालत नाही.

गाडी इथून न्यायच्या भानगडीत पडू नका, भाड्यानं घ्या. म्युनिक, मिलान, झुरिक, कुठूनही मिळतात. जुलै-ऑगस्टच्या गाड्या हिवाळ्यातच बुक होतात म्हणून दिवाळीनंतर लगेच बसा. अनामत रक्कम क्रेडिट कार्डवर अडकवून ठेवतात, ती हजारांत युरो असू शकते, तेव्हा कार्डाची लिमिट वाढवून घ्या आणि कार्ड गाडी घेणाऱ्याच्याच नावाचं पाहिजे. १२०० सीसीचा हत्ती घ्यायचा मोह सगळ्यांनाच होतो. मी सांगतो घेऊ नका, ज्याची उंची साडेपाच फूट आणि घरी पल्सर, त्यानं ७००-८०० सीसीची हलकी गाडी घ्यावी, घाटात ताकद नाही, पाय जमिनीला टेकणं कामाला येतं. वर हवा विरळ असल्यानं इंजिनची ताकद पाव हिश्श्यानं कमी वाटते हे खरं, पण ७०० सीसीची पाव गेली तरी उरते ती आपल्याला भरपूर आहे.

आता मुख्य गोष्ट, उजवं वळण.

आपण डावीकडून चालतो, त्यामुळं आपल्या घाटात डावं हेअरपिन, म्हणजे यू आकाराचं दुमडलेलं वळण, आतलं, आवळलेलं असतं आणि उजवं मोकळं. वर्षानुवर्षं कन्नड घाट, सप्तशृंगीचा घाट चढून आपल्या अंगात डावं वळण मुरलेलंय. तिकडं उजवीकडून चालायचं, म्हणजे उजवं हेअरपिन आवळलेलं. आणि उजवं आवळलेलं वळण बाईकवर मुळातच त्रासाचं आहे, का ते सांगतो. हँडल पूर्ण उजवीकडं फिरवलं की रेसचा हात पोटाजवळ येतो, मनगट दुमडतं आणि रेस एकदम कमी नाहीतर एकदम जास्त होते. त्यात घाबरून उजवा पाय खाली टेकवला की संपलं, कारण मागचा ब्रेक त्याच पायाला आहे. मग चढावर गाडी मागं सरकते, हातात फक्त पुढचा ब्रेक, आणि हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक जोरात दाबला की गाडी आडवी. आमच्या ट्रिपमध्ये तीन गाड्या पडल्या, तिन्ही उजव्या हेअरपिनवर, तिन्ही दहाच्या स्पीडला. कुणाला लागलं नाही, पण तुटलेल्या आरशांचे पैसे अनामतीतून गेले.

म्हणून सराव इथंच करून जा. रस्त्यावर नाही हां, उजवीकडून चालवायचा सराव रस्त्यावर करू नका बाप्पा. रिकामं मैदान बघा, पाण्याच्या बाटल्या ठेवा, आणि उजवीकडं यू-टर्न मारत बसा, आधी मोठा मग लहान. रेस हलकीशी स्थिर, क्लच अर्धा, मागच्या ब्रेकवर पायाचा नुसता भार, पुढच्या ब्रेकला हात नाही. आणि मान पूर्ण फिरवून बाहेर पडायच्या दिशेला बघायचं. बाटलीकडं बघितलं की बाटलीवरच जाणार, हे गाडीचं जुनं दुखणं आहे. दोन रविवार केलं तरी फरक कळतो. मग तोरणमाळला जा, सात पायरीचा घाट पहाटे मोकळा असतो, वर साधारण ११५० मीटर, चढउतार दोन्ही होतं. ज्याला हिंमत असेल त्यानं तळोद्याहून धडगावकडं चांदसैलीचा घाट करावा, पण पावसात नको. कन्नड घाटाला ट्रॅफिक फार, तिथं शिकायला होत नाही, फक्त शिव्या पाठ होतात.

हेअरपिनचं गणित तसं सोपं आहे. वळणाच्या आधी सरळ रस्त्यावरच स्पीड उतरवा, पहिला किंवा दुसरा गिअर टाका, वळणात गिअर बदलायचा नाही. आपल्या लेनमध्येच जेवढं बाहेरून घेता येईल तेवढं बाहेरून शिरा, आतली कड लवकर धरू नका, उशिरा धरा, म्हणजे बाहेर पडताना गाडी सरळ येते. लवकर आत घुसलं की शेवटी समोरच्या लेनमध्ये फेकले जाता आणि समोरून घाटाला सवय असलेला जर्मन तुमच्या दुप्पट स्पीडनं येत असतो. डावं हेअरपिन तिकडं मोकळं वाटतं, तिथं धोका वेगळा, कोपरा कापायचा मोह होतो. कापायचा नाही म्हणजे नाही. उतारावर आपल्या ट्रकवाल्यांचा जुना नियम धरा, ज्या गिअरवर चढलात त्याच गिअरवर उतरा. ब्रेक सतत दाबून उतरलं की ब्रेक तापतो, तेल उकळतं आणि लिव्हर स्पंजसारखा होतो.

बाजू विसरण्याचं अजून सांगायचंय. चालत्या ट्रॅफिकमध्ये आपण विसरत नाही कारण समोर गाड्या दिसतात. विसरतो कधी? पेट्रोल भरून निघाल्यावर, फोटो काढून निघाल्यावर, सकाळी हॉटेलच्या दारातून रिकाम्या रस्त्यावर आल्यावर. आमचा चाळीसगाववाला तिसऱ्या दिवशी पंपावरून निघाला तो सरळ डाव्या बाजूला, तीनशे मीटर तसाच, आणि मागून आम्ही सगळे हॉर्न वाजवतोय तर ह्याला वाटलं पोरं मजा करताहेत. त्या दिवसापासून प्रत्येकाच्या टाकीवर पांढऱ्या चिकटपट्टीचा उजवीकडं बाण आणि निघताना पुढच्यानं हेल्मेटमधल्या इंटरकॉमवर मोठ्यानं म्हणायचं, उजवीकडं. सगळ्यांनी परत म्हणायचं, उजवीकडं. शाळेत हजेरी दिल्यासारखं वाटतं पण पुन्हा कुणी चुकलं नाही. राउंडअबाउटला पण उलटं, घड्याळाच्या विरुद्ध फिरायचं आणि आतल्याला, म्हणजे डावीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. पाटी नसलेल्या साध्या चौकात मात्र उजवीकडून येणाऱ्याचा हक्क. हे दोन पाठच करून टाका.

ग्रुप कसा चालवायचा

सात गाड्या एका रांगेत चालवणं म्हणजे लग्नाची वरात. मागच्याला पुढचा दिसत नाही म्हणून तो पळतो, आणि पळताना पडतो. आम्ही दुसऱ्या दिवसापासून चार आणि तीन असे दोन तुकडे केले, दहा मिनिटांच्या अंतरानं. प्रत्येक तुकड्यात पुढं एक, ज्याला रस्ता माहितीये, आणि शेवटी एक, ज्याच्या अंगात भडक पिवळं जाकीट. सगळ्यात हळू चालवणारा पुढच्याच्या लगेच मागं, शेवटी नाही. आपल्याकडं उलट करतात, हळू माणसाला मागं टाकतात आणि मग तो दिवसभर ग्रुप गाठायला पळतो. आमचे काका पहिल्या दिवशी मागं होते, रात्री जेवताना हात थरथरत होते. दुसऱ्या दिवशी त्यांना दोन नंबरला घेतलं तर सगळ्यांचाच स्पीड आपोआप माणसात आला.

फाट्यावर चुकामूक होते त्यावर एक पद्धत आहे. वळायचा फाटा आला की पुढच्यानं हात करायचा, त्याच्या मागचा दोन नंबर तिथंच सुरक्षित जागी, दिसेल असा थांबतो आणि येणाऱ्यांना दिशा दाखवतो. पिवळं जाकीट येईपर्यंत हलायचं नाही. ते आलं की त्याच्या पुढं रांगेत शिरायचं. पुढच्या फाट्याला नवा दोन नंबर थांबतो. असं सगळे फिरत राहतात आणि कुणाला पळायची गरजच पडत नाही. फक्त एक अट, थांबलेल्यानं कंटाळून निघायचं नाही. काका सोडून, ते थांबत नाहीत, त्यांच्या वाटणीला तीन नंबरवाला थांबतो, एवढं आधीच ठरवून घ्या. सरळ रस्त्यावर एक डावीकडं एक उजवीकडं असं तिरकं चालायचं, घाट लागला की एकामागं एक, आणि आपसात ओव्हरटेक अजिबात नाही.

पेट्रोल सगळ्यात लहान टाकीवाल्याच्या हिशोबानं. बरेच पंप बिनमाणसाचे, आधी कार्ड घाला, पिन टाका, मग भरा. नोझलवर गोल खूण असेल ते पेट्रोल, चौकोनी ते डिझेल, रंगावर जाऊ नका.

रूट

दिवसाला दोनशे-सव्वादोनशे किलोमीटर बस झाले. आपण जळगाव-पुणे चारशे एका दमात मारतो तो हिशोब तिथं लावला की संध्याकाळी वळणं दोन दोन दिसायला लागतात. आमचं असं होतं: म्युनिकला पोचून एक पूर्ण दिवस झोप आणि गाड्या ताब्यात. मग ऑस्ट्रियात एट्झ खोऱ्यात मुक्काम. तिसऱ्या दिवशी टिमेल्सयोख खिंड, २४७४ मीटर, टोल लागतो आणि रात्री बंद असतो, ती उतरून इटलीत मेरानो आणि पुढं प्राड गावात मुक्काम, म्हणजे स्टेल्वियो खिंडीच्या पायथ्याला.

स्टेल्वियो २७५७ मीटर. हिला सगळ्यात उंच म्हणणारे खूप भेटतील, ते चूक आहे, वर सांगितलं ती लिझरान थोडी उंच. पण प्राडच्या बाजूनं ४८ हेअरपिन, प्रत्येकावर नंबराची पाटी, आणि नंबर उलटे, खाली ४८ पासून सुरू होऊन वर १. हा रस्ता १८२० ते १८२५ मध्ये ऑस्ट्रियाच्या साम्राज्यानं इटलीकडच्या लोंबार्डी प्रांताशी जोडायला बांधला, कार्लो दोनेगानी म्हणून इंजिनिअर होता. रस्ता होता घोडागाड्यांसाठी, म्हणजे चढ फार उभा नाही पण वळणं जागच्या जागी दुमडलेली. सकाळी सातला चढायला लागा. दहानंतर सायकलवाले, मोटारहोम, बस, आणि बस हेअरपिनवर आली की पूर्ण रस्ता घेते, तेव्हा वळणाच्या खाली थांबून तिला आधी येऊ द्या, चढावर थांबताना पहिला गिअर आणि मागचा ब्रेक. आम्ही ठरवलं होतं की दर बारा वळणांनंतर मोकळी जागा बघून थांबायचं. ३६, २४, १२, मग वर. काकांनी प्रत्येक उजव्या वळणाला इंटरकॉमवर जय श्रीराम म्हटलं, आम्ही मोजणी त्यावरच ठेवली.

वरून उतरलं की बोर्मियो आणि तिथून लिविन्यो, तिथं करमुक्त पेट्रोल मिळतं, टाक्या फुल करा. मग बेर्निना, युलियर, ओबरआल्प ह्या खिंडी करत स्वित्झर्लंडमध्ये आंडरमाट, दिवसभराचं काम. आंडरमाटला दोन रात्री रहाच. तिथून सुस्टेन, ग्रिम्झेल, फुर्का असा साधारण १२० किलोमीटरचा गोल होतो, तिन्ही खिंडी २१०० ते २४५० मीटरच्या दरम्यान, बॅगा हॉटेलवर ठेवून हलक्या गाडीनं. आमच्या मते हा दिवस स्टेल्वियोपेक्षा भारी. गोटहार्डचा जुना ट्रेमोला रस्ता जवळच आहे पण तो दगडी फरशीचा, पाऊस पडला असेल तर सोडून द्या. शेवटी एक दिवस हायवेनं म्युनिक. ज्यांना स्वित्झर्लंड परवडत नाही त्यांनी ऑस्ट्रियातला ग्रोसग्लॉकनर करावा, १९३५ साली सुरू झालेला ४८ किलोमीटरचा टोलचा रस्ता, हॉटेलं स्वस्त.

महिना जून मध्य ते सप्टेंबर. त्याआधी बर्फामुळं वरच्या खिंडी बंद असतात. बर्फ जुलैमध्येही पडू शकतो, म्हणून रोज रात्री दुसऱ्या दिवसाची खिंड उघडी आहे का ते बघायचं आणि पर्याय तयार ठेवायचा. फुर्का बंद असली तर रेआल्प ते ओबरवाल्ड बोगद्यातून रेल्वे गाड्या नेते, बाईकसुद्धा.

थंडीचं भुसावळवाल्यानं फार हलकं घेतलं. मे महिन्यात ४६ डिग्रीत राहणारा माणूस, त्याला थंडी म्हणजे स्वेटर. दर हजार मीटरला साडेसहा डिग्री उतरते, म्हणजे प्राडला २२ असेल तर स्टेल्वियोवर १०, त्यात गाडीचा वारा. बोटं आखडली की क्लच सुटत नाही. एक जाड जाकीट घेण्यापेक्षा पातळ तीन थर घ्या, वर वॉटरप्रूफ, हातमोजे दोन जोड. फ्रान्समध्ये शिरणार असाल तर सीई छाप (युरोपातली सुरक्षेची खूण) असलेले हातमोजे सक्तीचे आहेत. अचानक गारठलात तर जाकिटाच्या आत छातीवर वर्तमानपत्र, हा आपल्या पहाटेच्या दूधवाल्यांचा उपाय तिथंही चालतो. काळ्या काचेचं हेल्मेट नको, मध्येच बिनदिव्याचा बोगदा येतो आणि दोन सेकंद काहीच दिसत नाही.

रस्त्यावर अजून काय काय: गुरं अडवायला लोखंडी गजांच्या जाळ्या रस्त्यात बसवलेल्या असतात, ओल्या असल्या की साबण, सरळ जा, वळू नका, ब्रेक मारू नका. गाई रस्त्यात बसतात, ते आपल्याला नवीन नाही. स्वित्झर्लंडमध्ये पिवळी पोस्टबस तीन सुरांचा हॉर्न देते, घाटात तिचा मान पहिला, ड्रायव्हर सांगेल तसं बाजूला व्हायचं. तिथं गावात ५०, बाहेर ८०, हायवेला १२०, आणि दंड असा की ट्रिपचं जेवण त्यात बसावं. हायवेसाठी ४० फ्रँकचा व्हिन्येट, म्हणजे टोलचा पास, बाईकलाही लागतो. इटलीतल्या जुन्या गावांत ठराविक रस्त्यांवर बाहेरच्या गाड्यांना बंदी असते, कॅमेरा फोटो काढतो आणि दंड चार महिन्यांनी भाड्यानं गाडी देणाऱ्यामार्फत घरी येतो. सांगणारा मी अनुभवी आहे. अडचणीला सगळीकडं ११२.

खाण्याचं. शेवभाजी मिळणार नाही हे आधीच मान्य करा. शाकाहारींचं रोश्टी (परतलेला बटाट्याचा कीस), पोलेंटा (मक्याच्या पिठाचा सांजा), चीजचे प्रकार ह्यावर भागतं. ठेचा, शेंगदाण्याची चटणी, कळण्याचं पीठ न्या. पण पेढे, तूप, खवा काही नेऊ नका, बाहेरून दूध-मांसाचे पदार्थ आणायला युरोपात बंदी आहे, रावेरच्या वहिनींनी दिलेले साजूक तुपातले लाडू एअरपोर्टवर गेले आणि ते घरी कुणी सांगायचं ह्यावर दोन दिवस वाद चालला. दुपारी बीअर नाही, संध्याकाळी चावी काकांकडं जमा झाल्यावर काय ते.

गाडी परत देताना टाकी फुल करा आणि चारी बाजूंचा व्हिडिओ काढा, घेताना काढलेला असेलच. आणि घरी आल्यावर पहिले दोन दिवस स्वतःच्या गाडीवर जपून. टाकीवर बाण नसतो. मी दुसऱ्या दिवशी सकाळी दूध आणायला निघालो आणि अजिंठा चौफुलीला उलट्या बाजूनं शिरलो, समोरून रिक्षावाला आला, थांबला आणि म्हणे, काय भो, कुठून आले?